प्रयत्न, प्रमाद आणि ट्रॅक्टर



मानसशास्त्राच्या पुस्तकांत 'प्रयत्न-प्रमाद पद्धती' असा एक भारदस्त शब्द आढळतो. अमेरिकेतील थॉर्नडाइक नावाच्या शास्त्रज्ञाने 1898 साली मांजरांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेले मांजर पेटीत कोंडावयाचे, बाहेर खाणे ठेवावयाचे आणि ते किती वेळात सुटते हे घड्याळ लावून पाहावयाचे. मांजर ओरबाडते, चावते, धडका देते. केव्हातरी त्याचा पंजा नेमका खिटीवर पडतो आणि दार उघडते. पुन्हा कोंडले की पुन्हा तीच धडपड, पण वेळ हळूहळू कमी लागतो. असे होता होता मांजर शिकते. दार कशामुळे उघडले हे त्याला कळते काय? थॉर्नडाइकचे म्हणणे असे की, नाही. त्याला सवय जडते, एवढेच.

आमच्या नांदेड-लातूरकडे गावोगावी ट्रॅक्टर दुरुस्त करणारी माणसे आहेत. त्यांतील पुष्कळांपाशी कसलाही दाखला नाही. कोणी लहानपणी एखाद्या उस्तादाच्या हाताखाली पाने पुसत पुसत शिकला, कोणी स्वतःचाच ट्रॅक्टर खोलून शिकला. मी कामगार संघटनेत काम करणारा माणूस आहे. माझेही शिक्षण शाळेत थोडे आणि गिरणीच्या फाटकावर व वाचनालयात अधिक झाले. म्हणून या लोकांच्या विद्येविषयी मला आस्था आहे. तिच्याबद्दल दोन प्रश्न आपणापुढे ठेवावयाचे आहेत. माणसाने चुकत-माकत शिकावयाचे, तर मांजराहून निराळे असे काय करावे? आणि शिकताना जी चूक होते, तिची किंमत कोणी भरावी?

आपण शहरात राहणारी मंडळी. आपणास वाटेल, यंत्र बिघडले तर कारागीर बोलवावा, त्यात शिकण्यासारखे काय आहे? त्याचे उत्तर आमच्या काळ्या जमिनीत आहे. मृगाचा पाऊस पडला की ही जमीन चिकट होते, पाय टाकवत नाही. चार दिवस ऊन मिळाले की वापसा येतो. आणखी काही दिवस गेले की वरचा ओलावा उडतो. सोयाबीन, तूर, कापूस यांची पेरणी त्या मधल्या थोड्या दिवसांत उरकावी लागते. नेमका त्याच दिवसांत सगळ्यांचे ट्रॅक्टर रानात असतात आणि त्याच दिवसांत बिघडतात. तालुक्याच्या ठिकाणचा कारागीर एक आणि त्याला बोलावणारी गावे वीस. तो उद्या येतो म्हणतो आणि परवा येतो. दोन दिवस गेले म्हणजे वापसा गेला. म्हणून शेतकरी स्वतःच बोनेट उघडतो. हौस हे त्याचे कारण नव्हे. गरज त्याला तिथे नेते.

यंत्राची ओळख आमच्या भागाला ट्रॅक्टरनेच प्रथम झाली असे मात्र नव्हे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी 1911 साली लातूरला आली. तिची इंजिने कुर्डुवाडीच्या कारखान्यात दुरुस्त होत. नांदेडची उस्मानशाही गिरणी आता बंद आहे, पण तिच्या खात्यांतून कितीतरी फिटर तयार झाले. शेतात मात्र यंत्र उशिरा शिरले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. ध्यानात घ्या, लक्ष्मणरावांनी शिक्षण घेतले होते चित्रकलेचे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. यंत्रविद्या त्यांनी बहुतांशी पाहून, खोलून आणि जोडून मिळविली. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली ती अशा विद्येवर.

ट्रॅक्टरची गोष्टही अशीच आहे. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास, 1947 साली, केंद्र सरकारने एक ट्रॅक्टर संघटना उभी केली. महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याचे जे ट्रॅक्टर उरले होते, ते घेऊन मध्य भारतातील कासाने व्यापलेल्या जमिनी नांगरण्याचे काम तिने सुरू केले. यंत्रे आणली की ती चालविणारी व दुरुस्त करणारी माणसे लागतात. मध्य प्रदेशात बुदनी येथे 1955 साली ट्रॅक्टर प्रशिक्षणाचे केंद्र निघाले ते त्यासाठीच. भारतात तयार झालेला पहिला ट्रॅक्टर 1959 साली फरिदाबादच्या आयशर कारखान्यातून बाहेर पडला. 1963 साली महिंद्रांच्या भागीदारीतील कंपनी निघाली. आज वर्षाला आठ लाखांहून अधिक ट्रॅक्टर या देशात खपतात. पण बुदनीसारखी केंद्रे सगळ्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मग एवढी यंत्रे चालू कोण ठेवतो? तोच, चुकत-माकत शिकलेला माणूस.

आता यंत्राकडे वळू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. सायकलीत हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, हा अनुभव आपणा सर्वांचा आहे. दाबलेली हवा तापते. इंजिनात पिस्टन हवेला तिच्या मूळ जागेच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शात दाबतो. ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तप्त हवेत नोझलमधून डिझेलचा धुक्यासारखा फवारा येतो. तो आपोआप पेटतो. म्हणजे या इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: स्वच्छ हवा, पुरेसा दाब आणि वेळेवर डिझेल. ज्याने हे शोधले त्या रुडॉल्फ डिझेलचे पहिले इंजिन 1893 साली चाचणीच्या वेळी पेटले खरे, पण स्फोट होऊन दाब मोजण्याचे उपकरण उडाले. मनाजोगते इंजिन 1897 साली तयार झाले. मधल्या चार वर्षांत त्याने दुसरे काय केले? प्रयत्न केले, प्रमाद केले, आणि प्रत्येक प्रमादाचा हिशेब ठेवला.

समजा, पेरणी चालू असता ट्रॅक्टर धडधडत मंद झाला आणि बंद पडला. चावी फिरविली की इंजिन गरगर फिरते, पण धरत नाही. अडाणी हात येथे काय करतो? फिल्टर बदलतो, नोझल काढतो, पंपाचा स्क्रू फिरवितो, सगळे एकदम. ट्रॅक्टर सुरू झाला तर कशाने झाला ते कळत नाही. न झाला तर मूळचा एक दोष होता, त्यात आणखी दोन पडले. याला आपण अंदाजपंचे दाहोदरसे म्हणतो. हे पेटीतले मांजर झाले.

जाणता हात प्रथम पाने काढीतच नाही. तो पाहतो. इंजिन जोराने फिरते, म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर ठीक आहेत. फिरविताना सायलेन्सरमधून धूर मुळीच येत नाही, म्हणजे सिलिंडरापर्यंत डिझेल पोचत नाही. पांढरा धूर आला असता तर डिझेल पोचते पण जळत नाही, असा अर्थ झाला असता. धूर ही इंजिनाची बोली आहे. चालत्या इंजिनाचा काळा धूर सांगतो की हवा कमी पडली किंवा बोजा फार झाला. निळा सांगतो की इंजिनाचे ऑइल जळते आहे. अर्धे निदान येथेच, फुकट होते.

नंतर डिझेलच्या वाटेने जावयाचे. टाकी, तोटी, नळी, फीड पंप, फिल्टर, मोठा पंप आणि शेवटी नोझल, अशी ती वाट आहे. येथे पहिला नियम: जे पाहण्यास पैसा लागत नाही ते आधी पाहावे. टाकीत डिझेल आहे काय? टाकीच्या झाकणाला बारीक भोक असते; ते चिखलाने बुजले तर टाकीत बाहेरची हवा शिरत नाही आणि डिझेल उतरत नाही. नळीचे जोड ओले आहेत काय? अनेकदा बिघाड येथेच सापडतो.

दुसरा नियम: वाट मधोमध तोडून पाहावी. मोठ्या पंपाकडे येणारा जोड थोडा सैल करून हाताने फीड पंप मारावा. तेथे डिझेल भरपूर आले तर मागचे सगळे ठीक, दोष पुढे आहे. न आले तर दोष मागे आहे. एका परीक्षेत अर्धे यंत्र निर्दोष सुटले. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे करावे. सात ठिकाणे एकेक करून तपासण्यापेक्षा हे सोपे.

बहुधा असे आढळते की डिझेलऐवजी फेस येतो, बुडबुडे येतात. म्हणजे इंजिनाने हवा धरली. डिझेल दाबले तर दबत नाही, म्हणून पंपाचा जोर जसाच्या तसा नोझलपर्यंत पोचतो. हवा मात्र दबते. पंप जोर लावतो, आणि तो सगळा तो बुडबुडाच गिळून टाकतो. साध्या इंजिनाचे नोझल उघडण्यास दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोनशे किलोंचा दाब लागतो. बुडबुडा असता तो येणार कोठून? मग हवा काढावयाची, आणि टाकीकडून नोझलकडे अशा क्रमानेच काढावयाची. पहिल्या फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा, बुडबुडे संपून अखंड धार आली की आवळावा. मग दुसरा फिल्टर, मग मोठा पंप. उलट क्रमाने गेले तर मागची हवा पुन्हा पुढे येते.

तिसरा नियम सर्वांत कठीण, कारण तो स्वभावाविरुद्ध आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बदलल्यावर इंजिन चालवून पाहावे. फरक पडला नाही तर ती गोष्ट होती तशी करावी आणि मगच दुसरीला हात घालावा.

चौथा नियम: लिहून ठेवावे. हत्यारांच्या पेटीत एक वही असावी. ट्रॅक्टर किती तास चालला हे त्याचे मीटर सांगते. तारीख, तास, लक्षण, काय उघडले, काय बदलले, काय झाले, अशा सहा गोष्टी एका ओळीत मावतात. सुटे भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने स्वच्छ फडक्यावर मांडावे, जोडांवर खुणा कराव्यात. संघटनेच्या कामात आम्ही नव्या कार्यकर्त्याला पहिल्या दिवशी डायरी देतो, कारण मालकापुढे आठवणीला किंमत नसते, नोंदीला असते. यंत्रही तसेच आहे. वहीमुळे एकाची चूक दुसऱ्याचे ज्ञान होते. मांजर आपल्या पिलाला पेटीचे रहस्य सांगू शकत नाही. माणूस सांगू शकतो. फरक आहे तो हाच.

आता पाचवा नियम, आणि तो जिवाचा आहे. जी चूक सुधारता येते ती करून पाहावी. जी सुधारता येत नाही ती करून पाहू नये. स्टार्टर चालत नाही म्हणून जमिनीवर उभे राहून त्याच्या दोन टोकांना स्क्रू-ड्रायव्हर टेकविण्याची युक्ती सर्रास चालते. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर तो तत्क्षणी सुरू होऊन चालू लागतो, आणि उभा असलेला माणूस मागच्या चाकाच्या वाटेतच असतो. मागचा पीटीओचा दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा किंवा उपरण्याचे टोक त्यात सापडले तर 'अरे' म्हणण्यासही वेळ मिळत नाही. नोझलच्या नळीची गळती हाताने चाचपू नये; तो बारीक फवारा कातडी भेदून आत जातो, वरून टोचल्यासारखे दिसते आणि आतून बोट सडते. गळती पुठ्ठा धरून पाहावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये, ठोकळे लावावे. मागे उचललेले औजार आधी जमिनीवर टेकवावे. रेडिएटर तापला असता झाकण उघडू नये. आणि मोठ्या पंपाचे माप जुळविणे हे चाचणीच्या यंत्रावरच होणारे काम आहे. ते घरी करून पाहू नये. कोठे थांबावे हे कळणे हीदेखील विद्याच आहे.

येथवर मी एकट्या माणसाविषयी बोललो. आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. वरच्या पाच नियमांचा मथितार्थ एकच आहे: चूक स्वस्त करा. आधी फुकटचे पाहा, एकेक बदला, लिहा, जिवाला जपा, म्हणजे चूक झाली तरी ती स्वस्तात पडते आणि तिच्यातून शिकता येते. परंतु चुकीची किंमत भरणारा आणि तिच्यातून लाभ घेणारा हे दोन निराळे असले म्हणजे काय होते? गॅरेजातला पोरगा शिकतो म्हणून त्याला पगार नाही. त्याचे बोट चेपले तर तो त्याचा निष्काळजीपणा. त्याने काम साधले तर ते गॅरेजचे नाव. ही उमेदवारी नव्हे, ही बिनपगारी मजुरी आहे. कामावर असता झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यावयाची, हे तत्त्व या देशाच्या कायद्याने 1923 सालीच मान्य केले. शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन द्यावयाचे, हे 1961 च्या कायद्यात आहे. चौदा वर्षांखालील मुलाला कामास लावणे 2016 च्या दुरुस्तीने सर्वत्र बंद झाले. रस्त्याकडेच्या टपरीपर्यंत हे कायदे पोचत नाहीत, ही आमची, संघटनावाल्यांची, शिल्लक राहिलेली बाकी आहे.

दुसरी गोष्ट दाखल्याची. वीस वर्षे इंजिने खोलणाऱ्या माणसाला बँक कर्ज देत नाही, कारण त्याच्यापाशी कागद नाही. हातच्या विद्येची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय 2015 पासूनच्या कौशल्य विकास योजनेत झाली आहे. ती आपल्यासाठी आहे हे ज्यांच्यासाठी ती केली त्यांना ठाऊक नसते.

तिसरी गोष्ट नवी आहे. 1 जानेवारी 2023 पासून पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. धूर कमी व्हावा हे योग्यच. त्या धुरात श्वास घेणारे आपणच आहोत. पण त्यासाठी अशा इंजिनांत संगणकाने चालणारी डिझेलची यंत्रणा आली. तिच्यातील दाब हजार किलोंच्या वर असतो. मघाशी सांगितलेली जोड सैल करण्याची रीत तेथे चालत नाही, ती जिवावर बेतेल. दोष कोठे आहे हे संगणक आकड्यांत सांगतो, आणि तो आकडा वाचण्याचे उपकरण कंपनीच्या माणसापाशी असते. आमच्याकडचे बहुसंख्य ट्रॅक्टर अजून त्याखालच्या शक्तीचे आहेत, म्हणून ही अडचण दारात आलेली नाही. पण ती वेशीत आली आहे. अमेरिकेतील शेतकऱ्यांनी यावर मोठा लढा दिला. कोलोरॅडो राज्याने कायदा केला आणि 1 जानेवारी 2024 पासून शेतीयंत्रांच्या उत्पादकांना माहितीपुस्तके, सुटे भाग व उपकरणे शेतकऱ्याला आणि स्वतंत्र कारागिराला देणे भाग पाडले. आपल्या केंद्र सरकारनेही जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि तिच्या यादीत शेतीची अवजारे आहेत. कुलूप लावलेल्या यंत्रावर प्रयत्नच करता येत नाही, मग प्रमाद कोठला आणि शिक्षण कोठले? ज्याने यंत्राचे पैसे मोजले त्याला ते उघडण्याचा व समजून घेण्याचा हक्क असला पाहिजे. हा प्रश्न शेतकऱ्याचा आहे तितकाच कारागिराचाही आहे.

मग आपण करावे काय? मोठी योजना मी मांडीत नाही. परभणीला कृषी विद्यापीठ आहे, लातूरला आणि सगरोळीला कृषी विज्ञान केंद्रे आहेत, तालुक्यांना औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. संध्याकाळी त्यांच्या कार्यशाळांना कुलूप असते. पेरणीपूर्वीच्या दोन महिन्यांत आठवड्यातून एक संध्याकाळ ते उघडावे. एक भंगारातले इंजिन मध्ये ठेवावे, जे बिघडले तरी कोणाची पेरणी बुडणार नाही. एका बाजूस संस्थेचे शिक्षक, दुसऱ्या बाजूस गावचे उस्ताद आणि समोर शेतकरी व गॅरेजातली मुले बसावीत. इंजिनात मुद्दाम एक दोष करून ठेवावा आणि तो शोधावयास लावावे. भिंतीवर एक वही टांगावी. ज्याला आपल्या गावी जो बिघाड सापडला तो त्याने तीत मराठीत लिहावा. पाच वर्षांत या वहीचे जे पुस्तक होईल, ते आमच्या मातीचे, आमच्या धुळीचे आणि आमच्या यंत्रांचे पुस्तक असेल.

खर्च विचाराल तर एक दिवा, थोडे डिझेल आणि शिक्षकाचे मानधन. ते मानधन मात्र उस्तादालाही मिळाले पाहिजे, एवढी माझी अट आहे. कारण फुकट विद्या घेण्याची सवय समाजाला लागली की विद्या देणारा उपाशी राहतो. आपल्यापैकी कोणी या संस्थांच्या मंडळांवर असाल तर हा विषय पुढील सभेत मांडावा, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.